सहा गाड्या, एक आवाज

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ह्वालिएनहून व्याह्यांचा फोन आला. फार आढेवेढे घेत बोलले. लग्नाला ते सगळे आगगाडीने येणार, इथे बंदराकडे आन्पिंगच्या हॉटेलात उतरणार, तेच दोन दिवस 'मुलाचं घर'. पण वरातीच्या गाड्यांचं काय? सहा तरी हव्यात. मी काही मदत करू शकेन का?

मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाकडे वरातीच्या गाड्या मागायच्या, हे ताइनानमध्ये आजवर कुणी ऐकलं नसेल. पण बिचारे डोंगरापलीकडून येणार, गाड्या काय खिशात घालून आणतील? मी म्हटलं, काळजी सोडा. तेहेतीस वर्षं टॅक्सी चालवली, आमच्या वायरलेसच्या टोळीचा मी म्होरक्या होतो. सहा काय, सोळा गाड्या उभ्या करतो.

फोन ठेवला तेव्हा बायको, आ-क्वेइ, समोरच भाजी निवडत होती. म्हणाली, "सहा गाड्या जमवण्यापेक्षा मुलीशी दोन शब्द जमवा."

तिचं म्हणणं मागच्या महिन्यातल्या भांडणाबद्दल आहे. यान-यान जेवताना म्हणाली होती, "बाबा, गाडी सुटताना ते मागे पाणी ओतायचं तेवढं करू नका. ओतलेलं पाणी परत येत नाही, तशी मुलगी परत येत नाही. मी काय पाणी आहे?" मी म्हटलं, आमच्या घरात सगळ्या मुलींच्या गाडीमागे पाणी ओतलंय. ती म्हणाली, मग आता पुरे झालं. माझं डोकं फिरलं. मी बोलून गेलो, "जायचं तर जा. वाडगाभर पाणी ओतून मोकळा होतो."

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तर कामापुरतंही नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

गाड्या मिळाल्या. बालमित्र आ-हाइची काळी नवी गाडी वधूसाठी. बाकीचे पाच जण आमच्याच टोळीतले, सगळे निवृत्त, सगळे उतावळे.

खरी अडचण वेगळीच आहे. सिग्नलवर वरात तुटते. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात चौथी गाडी भलत्याच वरातीमागे लागली, आणि आतल्या आत्याबाई दुसऱ्याच्या लग्नात सूप पिऊन झाल्यावर म्हणाल्या की नवरी ओळखीची वाटत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात हे होणार नाही. मुलीचा बाप वरातीत जात नाही, मी घरीच असणार. पण माझा आवाज जाऊ शकतो. सहाही फोन एका ग्रुप कॉलवर, प्रत्येक फोन आपापल्या गाडीला ब्लूटूथने जोडलेला, हात स्टिअरिंगवर, आणि घरून मी सांगणार. अगदी जुन्या वायरलेससारखं.

मोबाइलच्या दुकानात जाऊन माझ्यासाठी हेडसेट घेतला. दुकानातल्या मुलीने फोनला जोडून दिला. त्याला एकच बटण. मी म्हटलं, "समजलं. दाबलं की बोलायचं, सोडलं की आपला आवाज बंद."

"काका, तसं नाहीये, ते बटण फक्त फोन आला की उचलायला, माइक तर सारखाच..."

"बाळ, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी वायरलेसवर बोलतोय."

तिने मुकाट पावती फाडली. हल्लीच्या मुलांना थोडं ठणकावलं की ऐकतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आख्खी सकाळ आ-हाइच्या गाडीत गेली. गाडीला फोन दिसेना, फोनला गाडी दिसेना. दोघं एका हाताच्या अंतरावर, पण एकमेकांकडे बघायला तयार नाहीत. आ-क्वेइ गॅलरीत कपडे वाळत घालत होती. वरून म्हणाली, "आपल्या घरातल्यासारखंच की!" मी लक्ष दिलं नाही.

शेवटी घोळ सापडला. गाडीच्या यादीत पाचच फोन मावतात आणि पाचही जागा भरलेल्या. आ-हाइचा मुलगा, सून, व्याही, आणि दोन कोण ते त्यालाही आठवेना. मी म्हटलं, काढ एकेक. व्याह्याचं नाव काढताना आ-हाइला जरा बरंच वाटलं. मग फोन 'शोधता येईल असा' केला, गाडीने आकडा दाखवला, फोननेही तोच दाखवला, दोन्हीकडे 'होय' म्हटलं. गाडीतून बाईचा गोड आवाज आला, "जोडणी झाली."

आ-हाइने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण मलाही वाजवाव्याशा वाटल्या.

११ नोव्हेंबर, शनिवार

टोळीतला म्हातारा को एकाहत्तरचा, आणि त्याची गाडी त्याच्याहून थकलेली. तिच्यात ब्लूटूथ नाहीच. मी म्हटलं, तू हेडसेट घाल. तो म्हणाला, माझा चष्मा, माझा मास्क, माझं श्रवणयंत्र, कानाला आणखी किती लटकवू? मग कळलं, त्याचं श्रवणयंत्रच ब्लूटूथचं आहे! थेट फोनला जोडलं. पहिल्यांदा माझा आवाज गेला तसा तो दचकून उठला आणि म्हणाला, "आ-तेंग, तू माझ्या डोक्यात बसलायस."

मी म्हटलं, तिथे जागा होती म्हणून बसलो.

पाच गाड्या झाल्या. यान-यान संध्याकाळी लग्नाचे कपडे घेऊन आली. "जमलं का?" एवढंच विचारलं. "जमतंय," मी म्हटलं. आमचं संभाषण संपलं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

संकट. लग्न जमवणाऱ्या छ्यू मावशी सगळी तयारी बघायला आल्या. या बाई लग्नघरात शुभ बोलायला असतात. ताट पडलं तरी त्यावर काहीतरी मंगल बोलून दाखवतात. मी ऐटीत त्यांना आ-हाइच्या गाडीत, वधूच्या जागेवर बसवलं आणि यंत्रणा दाखवली. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात आ-हाइ फोन खिशात टाकून पानसुपारी आणायला कोपऱ्यावर गेला, आणि गाडीतली बाई गोड आवाजात म्हणाली, "जोडणी तुटली."

छ्यू मावशी बसल्या जागी उडाल्या. "नवरीच्या गाडीत? तुटली? बंद करा ती भवानी!"

मी म्हटलं, मावशी, यंत्र आहे ते. त्या म्हणाल्या, यंत्र असो की माणूस, लग्नाच्या दिवशी तोंड सांभाळूनच बोलायचं. तुटलं, सुटलं, संपलं यातलं एक अक्षर माझ्या नवरीच्या कानावर पडलं तर मी गाडीतून उतरून चालत जाईन.

दुपारभर सगळ्या गाड्यांतल्या बायांची तोंडं बंद करत बसलो. एकेका गाडीत ती सोय वेगळ्याच कोपऱ्यात लपवलेली. माझ्या हेडसेटमध्येही एक बाई होती, कॉल चालू झाला, कॉल बंद झाला असं सांगायची. तिलाही गप्प केलं. आता सहा गाड्या आणि एक मी, कुणीही अशुभ बोलू शकत नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम. सहा गाड्या आमच्या गल्लीतून आन्पिंगच्या हॉटेलापर्यंत, मी घरी.

नियम मी घालून दिला, जुना वायरलेसचाच: एक बोलेल, बाकीचे ऐकतील. सगळ्यांनी आपला आवाज बंद ठेवायचा. मी नाव घेईन त्याने उघडायचा, उत्तर द्यायचं, परत बंद. पूर्वी एकाने मध्ये तोंड घातलं की सगळ्यांचाच कलकलाट व्हायचा. दुकानातल्या त्या मुलीने प्रत्येकाला फोनवर आवाज बंद कसा करायचा ते दाखवलं. मला दाखवायला आली, तर मी बटण दाखवलं. माझं माझ्याकडे आहे.

तालीम अप्रतिम झाली. एकही गाडी चुकली नाही. परत आल्यावर सगळे माझ्याकडे बघून हसत होते. आ-हाइ म्हणाला, "तुझं गाणं ऐकलं रे. तिसऱ्या कडव्यात सूर गेला."

कुठलं गाणं? मी मधल्या वेळात स्वयंपाकघरात चहा करताना गुणगुणत होतो तेवढंच, आणि तेव्हा तर बोट बटणावर नव्हतं. आ-हाइ लहानपणापासून असाच, काहीही बोलतो. म्हातारा को म्हणाला, "आणि बायकोशी असं बोलू नये." हा म्हाताराही हल्ली भ्रमिष्टासारखा करतो.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आज यान-यान घरी झोपायला आली, आता लग्नापर्यंत इथेच. जेवण झाल्यावर मी ठरवलं होतं, बोलायचंच. सकाळपासून मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. "मी रागाच्या भरात बोललो." इतकंच.

तिच्या खोलीच्या दारात गेलो. ती पेट्यांत कपडे भरत होती. तिने वर बघितलं. मी म्हटलं, "तुझे हेडफोन जोडले का नव्या फोनला?"

ती म्हणाली, "नाही."

मी तिथेच बसून जोडून दिले. तिला सगळं समजावून सांगितलं, बॅटरी कशी वाचवायची, जुन्या फोनमधून नाव कसं पुसायचं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणखी काही सांगायचंय, बाबा?"

मी म्हटलं, "रात्रभर चार्जिंगला लावून ठेवू नकोस."

बाहेर आलो तर आ-क्वेइ भिंतीला टेकून उभी. काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मी भित्रा आहे. सहा गाड्या जोडल्या, आणि दारातून पलंगापर्यंत तीन पावलांत मला काही जोडता आलं नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या. निघायची वेळ सकाळी नऊ वीस, ज्योतिषाने काढून दिलेली. हॉटेलात दहाच्या आत पाय ठेवायचा. आल्या वाटेने परत फिरायचं नाही. माझे मोठे काका काठी टेकत येणार आहेत, पाणी ओतलं की नाही ते बघायला. सगळं चार्ज केलं आहे.

पाण्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

काय दिवस! सगळं लिहून ठेवतो, एकही गोष्ट विसरायची नाही.

सहा वाजल्यापासून मी कानात हेडसेट घालून होतो. आ-क्वेइ म्हणाली, मुलीच्या लग्नात तरी कान मोकळा ठेवा. मी म्हटलं, आज हाच माझा दागिना. नवरदेव त्सुंग-हान आठला हजर झाला, घामाने डबडबलेला, पण चांगला मुलगा आहे. यान-यान खाली आली. मी काही लिहीत नाही, ती कशी दिसत होती ते मला लक्षात राहील. दोघांनी पूर्वजांपुढे उदबत्ती लावली, मग आम्हा दोघांपुढे गुडघे टेकले. आ-क्वेइ रडली. मी यान-यानच्या चेहऱ्यावर जाळीचा पडदा ओढला, बापाने ओढायचा असतो तसा. तेव्हा बोलायची शेवटची संधी होती. मी म्हटलं, "सावकाश चाल, उंबरा आहे."

नऊ तेराला ती गाडीत बसली. छ्यू मावशी पुढे, जावई शेजारी, आ-हाइ चालवायला. मी सगळ्यांना कॉलवर घेतलं, एकेकाचं नाव घेतलं, सगळे हजर. म्हटलं, "आवाज बंद करा, नऊ वीसला मी सांगेन." बटणावरून बोट काढलं आणि पाण्याचा वाडगा आणायला आत आलो.

दिवाणखान्यात कुणी नव्हतं. सगळे बाहेर फटाक्यांपाशी. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात गेलेल्या आईच्या नावाची पाटी समोर, उदबत्त्या अजून जळत होत्या. वाडगा हातात घेऊन मी तिथे थांबलो. आईशी मी कधीतरी बोलतो. कुणी नसताना.

म्हटलं, आई, आज मी पाणी ओतणार नाही. तू तुझ्या लेकीच्या, मेइच्या गाडीमागे ओतलंस आणि मग तीन दिवस दारात उभी राहिलीस, ते मी बघितलंय. माझ्याने व्हायचं नाही. मोठे काका आले आहेत, त्यांच्यादेखत वाडगा रिकामा तर करावाच लागेल, म्हणून तुझ्या मोगऱ्याच्या कुंडीत ओततो. तू रागावू नकोस. मी पोरीला बोललो ते रागाने नाही, भीतीने बोललो. ह्वालिएन फार लांब आहे गं. ती शाळेतून माझ्या टॅक्सीत पुढच्या सीटवर बसायची आणि झोपायची. मग घर आलं तरी मी गाडी थांबवायचो नाही. हात करणारी गिऱ्हाइकं सोडून द्यायचो आणि बंदरावरून आणखी एक वळसा घालायचो, तिची झोप मोडू नये म्हणून. तिला ठाऊक नाही. तिला वाटायचं, बाबा रस्ता चुकतात. तेहेतीस वर्षांत मी एक रस्ता चुकलो नाही, आई. आणि आज ती स्वतःहून एवढ्या लांब चाललीय आणि मला वळसा घालायला जागा नाही.

असं बरंच बोललो. डोळे पुसले. कानात काहीच ऐकू येत नव्हतं, शुकशुकाट, म्हणजे टोळीने नियम चोख पाळला होता. अभिमान वाटला.

बाहेर आलो. नऊ एकोणीस. बटण दाबलं, म्हटलं, "सगळे तयार?" आ-हाइचा आवाज आला, पण कसा! बसका, घोगरा. "त...तयार." म्हाताऱ्या कोने तर नाक शिंकरलं, ते मला थेट कानात ऐकू आलं. एकदम सगळ्यांना सर्दी! मी म्हटलं, ब्लूटूथमध्ये दोष आहे की काय? मग म्हटलं, आता वेळ नाही.

फटाके. गाडी हलली. काका काठी टेकून बरोबर माझ्यासमोर. मी वाडगा धरून उभा, आणि इतक्या लोकांदेखत कुंडीकडे वळायचं धैर्य होईना. तेवढ्यात काळ्या गाडीची काच खाली आली. पंखा टाकायची वेळ होती, नवरी आपला राग-रुसवा पंख्याबरोबर माहेरी टाकून जाते. यान-यानने पडदा वर केला होता, छ्यू मावशी तिला थांबवतही नव्हत्या. रंगरंगोटी सगळी गालांवर ओघळलेली, आणि ती ओरडली, "बाबा, कुंडीत! कुंडीत ओता!"

माझी नजर कुंडीकडे होती ते तिने बरोबर हेरलं. पोरगी पहिल्यापासून हुशार. मी ओतलं. सगळंच्या सगळं मोगऱ्याला. काका म्हणाले, "हे काय?" आ-क्वेइ म्हणाली, "काका, आमच्याकडे आता असंच." यान-यानने पंखा फेकला, तो नेमका माझ्या छातीवर आदळला, आणि ती रडत रडत इतकी हसत होती की फटाक्यांच्या वर तिचं हसू ऐकू आलं.

पण लढाई अजून पुढेच होती. नऊ पस्तीसला आ-हाइ म्हणाला, पुढे देवाची पालखी आलीय, ढोल, निशाणं, रस्ता ठप्प. मागे फिरायचं नाही, देवाला हॉर्न वाजवायचा नाही, आणि दहाला पंचवीस मिनिटं. मी डोळे मिटले. त्या भागातली प्रत्येक गल्ली माझ्या पायाखालची. म्हटलं, "आ-हाइ, दातांच्या डॉक्टरच्या पाटीला उजवीकडे. बाकीचे मागोमाग. मासळीच्या गोण्या पडलेल्या असतील, डावी बाजू धर. को, आरसा आत घे, भिंत जवळ आहे." एकेक गाडी, एकेक नाव. "पहिली निघाली?" "निघाली." "दुसरी?" "निघाली." म्हातारा को सगळ्यांत शेवटी, त्याचा आरसा भिंतीपासून चार बोटं. मी अंगणात उभा राहून हवेत हातवारे करत होतो, शेजारीपाजारी खुर्च्या घेऊन बसले होते.

"सहावी?"

"बाहेर आलो रे," को म्हणाला, "मुख्य रस्ता, समोर समुद्र."

नऊ सत्तावन्नला सहाही गाड्या हॉटेलच्या दारात, एकामागे एक, त्याच क्रमाने. एकही चुकली नाही, एकही मागे फिरली नाही, एकही बाई 'तुटली' म्हणाली नाही. अंगणात टाळ्या पडल्या. मी दोन्ही हात वर केले. काकांनीसुद्धा काठी वर केली.

संध्याकाळी आ-क्वेइने सांगितलं, छ्यू मावशी म्हणाल्या की इतक्या वर्षांत नवरीच्या गाडीत असं शुभ बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःला बोलायला एक शब्द सुचला नाही. आ-हाइने काय दिवे लावले असतील कोण जाणे. त्याला विचारलं तर तो मला मिठी मारायला लागला. दारू चढली असणार.

२७ नोव्हेंबर, सोमवार

आज यान-यान नवऱ्याला घेऊन माहेरी आली, रीतीप्रमाणे. जेवण झालं. दुपारच्या आगगाडीने दोघं ह्वालिएनला जाणार. माझ्याशी सारखी बोलत होती, माझ्या ताटात मासा वाढत होती. भांडण कधी झालंच नव्हतं जणू. मी काही न बोलता मिटलं, म्हणजे मी उगाच जिवाला लावून घेतलं होतं.

स्टेशनवर सोडायला माझी गाडी काढली. त्सुंग-हान पुढे बसायला लागला, तर तिने त्याला मागे ढकललं. स्वतः पुढे बसली. आपला फोन काढला आणि माझ्या गाडीला जोडला, माझ्याच पद्धतीने, एकदाही न चुकता. गाडीच्या पडद्यावर नाव आलं, यान-यान. म्हणाली, "हे नाव पुसायचं नाही. मी आले की गाडीने मला ओळखलं पाहिजे." मी म्हटलं, यादीत पाचच मावतात. ती म्हणाली, "मग आ-हाइकाकांना काढा."

मग तिने सीट मागे केली, डोळे मिटले. स्टेशनचं वळण समोर आलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "बाबा, मला झोप येतेय. बंदरावरून आणखी एक वळसा घाला ना."

मी स्टेशनचं वळण सोडून दिलं. बंदराचा रस्ता धरला. मागे त्सुंग-हान घड्याळ बघत होता. तिने खरंच डोळे मिटून ठेवले, पूर्ण वळसाभर, आणि तिच्या ओठांवर हसू होतं. आगगाडी गाठली तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. फलाटावर तिने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, महिन्यातून एकदा येईन, पाणी नाहीये मी. मी म्हटलं, माहीत आहे. या वेळी ते तोंडातून बाहेर पडलं.

घरी येऊन तासभर विचार करतोय. त्या वळशाचं तिला कुणी सांगितलं? आ-क्वेइलासुद्धा मी कधी बोललो नाही. आयुष्यात एकदाच, एकाच जागी बोललो, आणि तिथे आईशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

म्हणजे आईनेच सांगितलं. उद्या सकाळी तिच्यापुढे पेरू ठेवतो, तिला आवडायचे तसले, जरा कच्चे.